सुर्खी आणि तिचा मालक

उर्दूत बातमीच्या मथळ्याला सुर्खी म्हणतात. सुर्ख म्हणजे लाल. हस्तलिखितांच्या काळात मजकूर काळ्या शाईने आणि शीर्षक लाल शाईने लिहीत, त्यावरून हे नाव पडले. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हा शब्द धड्यात आला की मुलांना आवर्जून सांगतो की इंग्लंडमध्ये भरमसाट खपणाऱ्या वर्तमानपत्रांच्या एका जातीला 'रेड टॉप' म्हणतात, कारण त्यांचे नाव पहिल्या पानावर लाल पट्टीत छापलेले असते. 'टॅब्लॉइड' हा शब्द तर औषधांच्या धंद्यातला. बरोज वेलकम या कंपनीने १८८४ मध्ये दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी तो नोंदवला होता. पुढे तो बातम्यांना चिकटला.

या जातीतले सर्वांत गाजलेले पत्र म्हणजे 'द सन'. त्याची वंशावळ मोठी विलक्षण आहे. लंडनच्या छापखान्यांतील संपकरी कामगारांनी १९११ मध्ये 'डेली हेराल्ड' काढले. पुढे त्यात ट्रेड युनियन काँग्रेसची भागीदारी आली. १९३३ मध्ये ते रोज २० लाख प्रती खपत होते. १९६४ मध्ये ते बंद झाले, तेव्हाही दहा लाखांहून जास्त लोक ते विकत घेत होते. म्हणजे वाचक होते, पण ते गरीब होते. वर्तमानपत्राचा खर्च विक्रीच्या पैशातून भागत नाही, जाहिरातीतून भागतो. आणि जाहिरातदार वाचकांची डोकी मोजत नाही, खिसे मोजतो.

हेराल्डच्या जागी काढलेले 'द सन' काही चालेना. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रुपर्ट मर्डोक यांनी ते स्वस्तात घेतले. त्याच वर्षी त्यांनी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे रविवारचे पत्रही घेतले होते, आणि त्याची छपाई यंत्रे आठवड्याचे सहा दिवस रिकामी पडून असत. त्या यंत्रांना काम हवे होते. (हा मालक आपल्याला अगदी परका नाही. 'स्टार प्रवाह' २००८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून २०१९ पर्यंत मर्डोक यांच्याच साम्राज्यात होती. आपल्या घरच्या बायकांनी आणि खरे सांगायचे तर पुरुषांनीही तिच्या मालिका मन लावून पाहिल्या.)

नव्या 'सन'ने काय केले? फुटबॉल, टीव्हीवरच्या नटनट्यांच्या भानगडी, बक्षिसे, बिंगो, आणि १९७० पासून तिसऱ्या पानावर उघड्या बाईचा फोटो. वाक्ये छोटी, मथळे खटकेबाज, भाषा नाक्यावरच्या मित्राची. १९७८ मध्ये त्याने 'डेली मिरर'ला खपात मागे टाकले आणि १९७९ मध्ये त्याच कामगार वाचकाला मार्गारेट थॅचर यांना मत द्यायला सांगितले. फार थोडे लोक राजकारणासाठी 'सन' घेत असतील. ते सामन्याचा निकाल पाहायला घेत, आणि राजकारण त्यासोबत फुकट मिळे. माझ्या मते फुकट मिळणारा मालच जास्त मुरतो, कारण त्याची पारख आपण करत नाही.

मग १९८९ आले. १५ एप्रिलला शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल संघाचा सामना होता. एका बाजूच्या कठड्यात पोलिसांनी माणसे कोंबू दिली आणि चेंगराचेंगरी झाली. त्यात दगावलेल्यांची संख्या शेवटी ९७ झाली. चौथ्या दिवशी 'सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' अशी सुर्खी लावली आणि खाली लिहिले की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. हा मजकूर पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून एका वृत्तसंस्थेमार्फत आला होता. इतर पत्रांनीही तो छापला. पण त्याला 'सत्य' हे नाव 'सन'चे संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी दिले.

लिव्हरपूलने ते पत्र घेणे सोडले. लोकांनी प्रती जाळल्या, दुकानदारांनी गठ्ठे ठेवायचे बंद केले, आणि हे दोन दिवसांचे उधाण ठरले नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने ते आरोप खोटे ठरवले, तेव्हा 'सन'ने पहिल्या पानावर माफी मागितली. २०१६ मध्ये ज्युरीनेही चाहत्यांना निर्दोष ठरवले. तरी त्या शहरात 'सन' आजही नीट विकले जात नाही.

या बहिष्कारातून एक अशी गोष्ट घडली जी कोणी ठरवली नव्हती. 'सन' वर्षानुवर्षे युरोपीय संघाविरुद्ध लिहीत होते. फ्लोरियन फूस आणि डॅनिएल बिशॉफ या दोन अभ्यासकांनी तीन दशकांची जनमत पाहणी तपासली. त्यांना दिसले की लिव्हरपूल परिसरात 'सन' सुटल्यावर युरोपविषयीचे मत सौम्य झाले, विशेषतः ते पत्र सोडलेल्या कामगारांत आणि त्याच्याशिवाय वाढलेल्या पिढीत. २०१६ च्या सार्वमतात इंग्लंडने बाहेर पडण्याचा कौल दिला. लिव्हरपूलमध्ये ५८ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. एवढ्या मोठ्या निकालाची कारणे अनेक असतात हे मान्यच. पण वर्तमानपत्र माणसाच्या डोक्यात किती पेरते याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

आता आपल्या जवळची गोष्ट. नोव्हेंबर २०१५ मध्ये, पॅरिसच्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, 'सन'ची सुर्खी होती की पाचातल्या एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींबद्दल सहानुभूती आहे. सर्व्हेशन या संस्थेच्या पाहणीतला प्रश्न वेगळा होता: सीरियात लढणाऱ्यांना जाऊन मिळणाऱ्या तरुण मुसलमानांबद्दल सहानुभूती वाटते का? त्यात 'जिहादी' नव्हते, आयसिसही नव्हते. ७१ टक्के लोकांनी अजिबात नाही असे उत्तर दिले होते. सहानुभूती म्हणजे पाठिंबा नव्हे, हे आठवीच्या मुलाला कळते. बिघडलेल्या मुलाच्या आईबद्दल, कधी त्या मुलाबद्दलही, हमदर्दी वाटते. त्याच्या कृत्याबद्दल नाही. शिवाय पाहणीसाठी मुसलमान शोधले होते आडनावांवरून! ही पद्धत आमच्या कोकणात वापरली तर अर्धे देसाई, देशमुख आणि पाटील हातातून निसटतील.

तीन हजारांहून जास्त तक्रारी झाल्या. चार महिन्यांनी ब्रिटनच्या वृत्तपत्र नियामक संस्थेने, इप्सोने, तो मजकूर लक्षणीय दिशाभूल करणारा ठरवला आणि 'सन'ला तो निर्णय छापावा लागला. पहिल्या पानावरची माफी मात्र ब्रिटिश मुसलमानांना मिळाली नाही.

लिव्हरपूलकर 'सन'चे गिऱ्हाईक होते, त्यांनी पैसे देणे थांबवले तर मालकाला तोटा दिसत होता. ब्रिटिश मुसलमान त्या सुर्खीचा विषय होते आणि ती विकत घेणारे दुसरेच कोणी होते. विषयाने रागावून भागत नाही, रागवायचे गिऱ्हाइकाने. १९८९ मध्येही लंडन-बर्मिंगहॅमच्या वाचकांनी 'सन' सोडले नव्हते, लाखो प्रती तशाच खपत राहिल्या.