पायात कडी नसलेल्या पक्ष्याचा इतिहास

इतिहास लिहिताना 'तोच' हा शब्द आपण फार सहज वापरतो. पंधराव्या वर्षी गादीवर बसलेला राजा आणि साठाव्या वर्षी वारलेला राजा एकच, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. दरबार, दप्तर, आप्तेष्ट आणि स्वतः राजा हे सारेच त्याची साक्ष देत असतात. परंतु ज्याला आपले नाव ठाऊक नाही, ज्याच्या अंगावर कोणी घातलेली खूण नाही आणि जो दिवसातून अनेकदा नजरेआड होतो, अशा जिवाचे चरित्र लिहायचे झाल्यास 'तोच' म्हणण्याला आधार कोणता? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एका शिकारी पक्ष्याने हा प्रश्न उभा केला. साधनांच्या विश्वसनीयतेविषयी वर्गात बोलणाऱ्या आम्हां शिक्षकांना त्याचे उदाहरण मोलाचे वाटते.

या पक्ष्याला इंग्रजीत 'रेड-टेल्ड हॉक' म्हणतात. तो अमेरिकेतला असल्याने मराठीत त्याला रूढ नाव नाही; काटेकोरपणे पाहता तो ससाणाही नव्हे. तथापि सोयीसाठी आम्ही येथे ससाणा हाच शब्द योजतो. १९९१ साली सेंट्रल पार्कमध्ये असा एक नर दिसू लागला. त्याच्या डोक्यावरची पिसे नेहमीपेक्षा फिकट होती, म्हणून लेखिका मेरी विन यांनी त्याला 'पेल मेल', म्हणजे फिकट नर, असे नाव दिले. १९९३मध्ये त्याने मादीसह फिफ्थ ॲव्हेन्यूवरील ९२७ क्रमांकाच्या इमारतीवर, बाराव्या मजल्याच्या एका खिडकीवरील कंगोऱ्यावर घरटे बांधले. तेथे कबुतरे बसू नयेत म्हणून खिळे ठोकलेले होते. त्याच खिळ्यांत त्याच्या काटक्या घट्ट अडकल्या. १९९५ साली त्या घरट्यातून पहिली पिल्ले उडाली.

समोरच्या उद्यानात खेळण्यातल्या होड्या सोडण्याचे एक तळे आहे. त्याच्या काठचा बाक ही या घरट्याच्या निरीक्षकांची बैठक झाली. दुर्बिणी घेऊन तेथे बसणाऱ्यांत व्यावसायिक पक्षिशास्त्रज्ञ थोडे आणि हौशी माणसे अधिक होती. उद्यानातील नौकागृहात पक्ष्यांची एक नोंदवही ठेवलेली असे. जो काही पाहील त्याने तीत लिहावे, असा प्रघात होता. मेरी विन यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेड-टेल्स इन लव्ह' या पुस्तकामागे ही नोंदवही आणि हा बाक आहे. अनेक हातांनी लिहिलेले कच्चे दप्तर आणि एका लेखिकेने त्यातून गुंफलेली कथा यांत जे अंतर असते, ते बखरी आणि अस्सल कागद दोन्ही हाताळणाऱ्या मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको.

शिकारी पक्ष्याकडे असे प्रेमाने पाहणे ही जुनी रीत नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका डोंगरावर १९३०च्या सुमारास स्थलांतर करणारे ससाणे बंदुकांनी सर्रास टिपले जात. सेंट्रल पार्कमध्येच पक्षिनिरीक्षणाची गोडी लागलेल्या रोझली एज या बाईंनी १९३४ साली तो डोंगर भाडेपट्ट्याने घेऊन तेथे अभयारण्य केले. स्थलांतरित पक्ष्यांसंबंधीचा अमेरिकी कायदा १९१८चा. पण त्याचे संरक्षण ससाण्यांना मिळाले ते १९७२मध्ये. बाकावर बसणारी मंडळी या उशिरा बदललेल्या दृष्टीची वारस होती.

त्यांना नेमके दिसत काय होते? मार्चच्या सुमारास अंडी, महिनाभराहून थोडी अधिक ऊब, मग सुमारे सहा आठवडे पिल्लांचे संगोपन आणि जूनमध्ये पहिले उड्डाण, असा या पक्ष्याचा क्रम असतो. पण घरटे बारा मजले उंच आणि खोलगट. खालून अंडी दिसत नाहीत, नुकती जन्मलेली पिल्लेही दिसत नाहीत. मादी मान वाकवून घरट्यात मांसाचे तुकडे भरवू लागली की पिल्ले जन्मली, असे समजावयाचे. म्हणजे पिल्लाची जन्मतारीख ही पाहिलेली नव्हे, तर्काने काढलेली असे. हा तर्क रास्त आहे. मात्र नोंद वाचणाऱ्याने तो तर्क आहे हे विसरता कामा नये.

७ डिसेंबर २००४ रोजी इमारतीच्या व्यवस्थापनाने घरटे आणि खिळे दोन्ही काढून टाकले. १९९३मध्येही घरटे काढले गेले होते. तेव्हा ते बेकायदेशीर असल्याची समज सरकारी खात्याने दिली होती. मधल्या काळात नियमाचा अर्थ बदलला. २००३पासून अंडी किंवा पिल्ले नसलेले घरटे काढण्यास मुभा मिळाली. कायदा रिकाम्या घरट्याच्या बाजूने उभा नव्हता. उभी राहिली ती रस्त्यावर फलक घेऊन आलेली माणसे. त्याच इमारतीत राहणाऱ्या अभिनेत्री मेरी टायलर मूर यांनीही निषेध केला. २३ डिसेंबरला पोलादी चौकट बसवून जागा पूर्ववत करण्यात आली. आमच्या मते यात नोंदींचा वाटा मोठा आहे. ज्यांना ते घरटे म्हणजे काटक्यांचा ढीग वाटत नव्हता, त्यांच्यापाशी त्याचा वर्षावर्षाचा वृत्तान्त होता. पुढे २००५पासून २०१०पर्यंत तेथे एकही पिल्लू जन्मले नाही, हेही त्याच मंडळींनी निमूटपणे लिहून ठेवले. २०११मध्ये पुन्हा पिल्ले दिसली.

माद्या मात्र बदलत गेल्या. नर तोच, असे सर्वजण मानत आले. १६ मे २०२३ रोजी एक आजारी ससाणा मरण पावला आणि पेल मेल गेल्याची वार्ता पसरली. तो खरोखरच १९९१चा पक्षी असेल, तर त्याचे वय तेहतिसाच्या आसपास भरते. या जातीच्या रानटी पक्ष्याचे सर्वाधिक नोंदलेले आयुष्य तीस वर्षे आठ महिने एवढे आहे, आणि हा आकडा विश्वासार्ह ठरतो तो पायातल्या कडीमुळे. पेल मेलच्या पायात कधीच कडी नव्हती. फिकट डोक्याचा एक नर जाऊन मध्येच त्याच्यासारखा दुसरा आला असेल, ही शंका जाणकारांनी घेतली आहे, आणि तिचे निर्णायक उत्तर देता येत नाही.

मग कडी असती तर प्रश्न मिटला असता काय? याच शहरातील दुसरे घरटे येथे आठवते. २०११च्या वसंतात वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कसमोर, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या बाराव्या मजल्यावरील खिडकीत एका जोडीने घरटे केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तेथे कॅमेरा लावला. बाकावरच्या मंडळींना कधीच न दिसलेली अंडी आता घरबसल्या दिसू लागली. पिल्लाचा जन्म तर्कावर सोपवावा लागला नाही. व्हायोलेट नावाच्या मादीच्या पायात कडीही होती. पण तो पाय सुजला होता आणि कडी त्या सुजेत रुतली होती. तिला पकडून उपचार करावेत की पिल्लासाठी तिला घरट्यातच राहू द्यावे, याचा विचार तज्ज्ञांनी केला आणि तिला राहू दिले. पिल्लू उडाले. डिसेंबरमध्ये व्हायोलेटला उपचारासाठी पकडण्यात आले. ती वाचली नाही.

कडी घालणे मुळात क्रूर असते, असे यातून निघत नाही. पक्ष्यांविषयीचे पुष्कळ ज्ञान आपल्याला तिच्यामुळेच मिळाले आहे. पण निःशंक पुराव्यासाठी त्या जिवाला हात लावावा लागतो, आणि हात न लावता नुसते पाहत राहिले तर शंकेला जागा उरते. इतिहासकाराला या दोहोंपैकी एकाची किंमत मोजावीच लागते. बाकावरच्या निरीक्षकांनी शंका पत्करली.

म्हणून पेल मेलचे चरित्र लिहिताना आम्ही वाक्यांची विभागणी करू. १९९१ साली एक फिकट नर आला. १९९३पासून त्या कंगोऱ्यावर ससाण्यांनी घरटे केले. २००४मध्ये ते मोडले आणि माणसांनी जागा परत मिळवून दिली. ही विधाने नोंदींवर उभी आहेत. एकच पक्षी बत्तीस वर्षे तेथे नांदला, हे विधान श्रद्धेच्या जवळचे आहे आणि ते तसेच लिहिले पाहिजे. त्याने निरीक्षकांच्या कामाला उणेपणा येत नाही. पक्ष्याची ओळख त्यांना शेवटपर्यंत सिद्ध करता आली नाही. घरटे राखता आले, ते मात्र त्यांनी रोज पाहून रोज लिहिले म्हणूनच.