निळ्या कोटांची पंगत

समाजाची पारख करावयाची असेल तर त्याचे कायदे वाचण्यापेक्षां त्याची पंगत पाहावी. पंगतींत कोण बसतो, कोणाच्या शेजारीं बसतो, वाढतो कोण आणि दाराबाहेर उभा राहतो कोण, एवढें नीट पाहिलें म्हणजे त्या समाजाचा अर्धा इतिहास कळून येतो. आपल्या देशांत पंक्तिभेद हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु ज्यांच्या भाषेंत हा शब्द नाहीं, त्या अमेरिकन लोकांतही पंगत आहे, आणि तिचाही असाच एक इतिहास आहे. तेथील खेड्यापाड्यांच्या शाळांतून शेतकी शिकणाऱ्या मुलांच्या मंडळाचें जें वार्षिक भोजन होतें, त्या भोजनाची ही हकीकत आहे.

या भोजनामागची चिंता समजल्यावांचून त्याचें महत्त्व ध्यानांत येणार नाहीं. १९२० सालच्या शिरगणतींत अमेरिकेंत प्रथमच असें आढळून आलें कीं, शहरवासी लोकांची संख्या खेडुतांहून अधिक झाली आहे. शेतकऱ्याचा मुलगा चार बुकें शिके आणि शहराची वाट धरी. जो मागें राही, तो शहरांतल्या मुलांपुढें तोंड उघडण्यास लाजे. शिकला तर घर सोडून जाईल आणि न शिकला तर कर्जांत बुडेल, अशा पेचांत बाप सांपडे. हा पेच महाराष्ट्रांतील शेतकऱ्यासही अपरिचित नाहीं.

मुलांना घेऊन मंडळें काढण्याचा प्रयत्न त्यापूर्वींच सुरू झाला होता. ओहायो संस्थानांत ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्यानें १९०२ सालीं मुलामुलींचें एक मंडळ काढलें. त्या प्रकारच्या मंडळांतूनच पुढें ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. शाळेच्या अभ्यासक्रमांत शेतकीला स्थान मिळालें तें मात्र कायद्यानें. २३ फेब्रुवारी १९१७ रोजीं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली, आणि शाळांतील शेतकी, यंत्रधंदे व गृहशास्त्र यांच्या शिक्षणास मध्यवर्ती सरकारचें द्रव्य मिळूं लागलें. शेतकीच्या शिक्षणास एक अट होती. विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं प्रत्यक्ष शेतीचें काम केलें पाहिजे. मग कोणी एकरभर मका लावी, कोणी डुकरें पाळी, कोणी कोंबड्या ठेवी. आणि प्रत्येकजण आपल्या कामाच्या जमाखर्चाची वही लिही. बापाच्या शेतांत मुलाचा एक स्वतंत्र तुकडा आणि त्याचा स्वतंत्र हिशेब, ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु तिनें घरांतलें बाप-लेकाचें नातें पालटण्यास आरंभ केला.

तरी वही लिहिल्यानें संकोच जात नाहीं. व्हर्जिनिया संस्थानांतील ब्लॅक्सबर्ग येथें शेतकी शिक्षक तयार करणारे हेन्री ग्रोसक्लोज, हॅरी सँडर्स आणि एडमंड मॅगिल यांना, तसेंच त्या संस्थानाच्या शेतकी शिक्षणाचे अधिकारी वॉल्टर न्यूमन यांना हें दिसत होतें. खेड्यांतील मुलगा कोणाहून कमी नाहीं; त्याला चारचौघांत उभें राहून बोलण्याची संधि मात्र मिळत नाहीं, असें त्यांचें मत होतें. म्हणून १९२६ सालीं त्यांनीं ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ व्हर्जिनिया’, म्हणजे व्हर्जिनियाचे भावी शेतकरी, या नांवाची संस्था स्थापिली. त्या संस्थानांतील जुनीं खानदानी घराणीं ‘फर्स्ट फॅमिलीज ऑफ व्हर्जिनिया’ म्हणून ओळखलीं जात. दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें एकच! खानदानी लोकांचीं अक्षरें शेतकऱ्यांच्या पोरांनीं आपल्या नांवास लावावीं, यांतील खोंच गांवकऱ्यांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नसेल.

दोनच वर्षांनीं ही कल्पना देशभर पसरली. कॅन्सस सिटी या शहरीं ‘अमेरिकन रॉयल’ नांवाचें जनावरांचें मोठें प्रदर्शन भरत असे, आणि गुरांची पारख करण्याच्या स्पर्धांसाठीं शाळांचीं मुलें तेथें जमत. २० नोव्हेंबर १९२८ रोजीं त्या शहरांतील बाल्टिमोर हॉटेलांत १८ संस्थानांचे ३३ प्रतिनिधि एकत्र आले आणि त्यांनीं ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली. न्यू जर्सीचा लेस्ली ॲपलगेट हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. वर्गणी ठरली दरसाल १० सेंट. १९२९ सालीं निळा व मक्याचा सोनेरी हे रंग ठरले, आणि १९३० सालीं ई. एम. टिफनी यांनीं लिहिलेली निष्ठेची प्रतिज्ञा संस्थेनें स्वीकारली. १९३३ च्या अधिवेशनास ओहायोंतील फ्रेडरिकटाउन येथील मुलें निळ्या कॉर्डुरॉयचे कोट घालून आलीं. ते कोट प्रतिनिधींच्या मनांत इतके भरले कीं, तोच साऱ्या देशांतील सभासदांचा पोशाख ठरला. पाठीवर संस्थानाचें व गांवच्या शाखेचें नांव, आणि छातीवर स्वतःचें. ज्या मुलास सदऱ्याच्या ठिगळांची लाज वाटे, त्यास आतां एक असा कोट मिळाला कीं, ज्यांत सावकाराचा मुलगा आणि खंडकऱ्याचा मुलगा सारखेच दिसत.

अशा शाखेचा वर्षांतला मोठा दिवस म्हणजे भोजनाचा. आरंभींच्या काळांत त्याला बाप-लेकांचें भोजन असें म्हणत. शाळेच्या दिवाणखान्यांत किंवा व्यायामशाळेंत लांब मेजें मांडीत, निळ्या व सोनेरी कागदांच्या झालरी लावीत, आणि मुलांनीं पिकविलेला जिन्नस शक्य तेथें ताटांत येई. बाप आपल्या रविवारच्या कपड्यांत येत. शाळेचे मुख्याध्यापक, पेढीवाले, दुकानदार यांसही आमंत्रण असे. एरवीं ज्या पेढीवाल्याकडे शेतकरी हातांत टोपी घेऊन जाई, तोच या दिवशीं त्याच्या मुलाचा पाहुणा होई.

जेवणाआधीं सभेचा विधि होतो, आणि तो सर्वस्वीं मुलांच्या हातीं असतो. अध्यक्ष उगवत्या सूर्याच्या चित्राखालीं बसतो, उपाध्यक्ष नांगरापाशीं, चिटणीस मक्याच्या कणसापाशीं. आणि खजिनदार जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राखालीं, कारण तो राष्ट्रपुरुष आपल्या शेतीचा हिशेब काटेकोरपणें ठेवीत असे. शिक्षकाची जागा घुबडापाशीं असते. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात, तेथें तें शहाणपणाचें चिन्ह आहे. अध्यक्ष लांकडी हातोडी मेजावर ठोकतो, एकेका अधिकाऱ्यास त्याची जागा व तिचें कारण विचारतो, आणि शेवटीं सर्व सभासदांस प्रश्न करतो कीं, आपण येथें कशासाठीं जमलों आहों? सर्व मुलें एकदम उभीं राहून उत्तर देतात. त्या उत्तराचा पहिलाच शब्द बंधुभावाचा आहे.

मग जेवण, वर्षाचा अहवाल, आणि बिल्ल्यांचें वाटप. नवख्यास काशाचा बिल्ला. शाखेंत काम करून दाखविलेल्यास रुप्याचा. संस्थानाच्या व राष्ट्राच्या पदव्यांस सोन्याची खूण. पदवी केवळ पाठांतरानें मिळत नाहीं. शेतीचें काम आणि त्याचा हिशेब हीं दोन्ही दाखवावीं लागतात. शाखेस साहाय्य करणाऱ्या एखाद्या गृहस्थास मानाची पदवी देण्याचीही चाल आहे. कित्येक ठिकाणीं मुलाच्या कोटावर बिल्ला लावण्याचा मान त्याच्या आईबापांस देतात. आयुष्यांत ज्या शेतकऱ्यास कोणीं कधीं व्यासपीठावर बोलाविलें नाहीं, त्याला अशा रात्रीं तेथें जावें लागतें, आणि त्याचे रापलेले हात त्या बारीक टांचणीशीं धडपडत असतात.

या सोहळ्याचें मोल विशेषेंकरून मंदीच्या काळांत कळलें. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव इतके कोसळले कीं, कांहीं भागांत लोक कोळशाऐवजीं मका जाळूं लागले. हजारों पेढ्या बुडाल्या, जमिनी लिलांवांत गेल्या. अशा वेळीं गांवानें एकत्र जमून शेतकऱ्याच्या मुलाचा सत्कार करावा, म्हणजे शेतीला अजून भवितव्य आहे असें चारचौघांत बोलून दाखवावें, यांत केवळ करमणूक नव्हती.

परंतु या पंगतीकडे नीट पाहिलें तर तींत कांहीं जागा रिकाम्या दिसतात. भोजन होतें बाप-लेकांचें; तें रांधण्यास आणि वाढण्यास अनेक ठिकाणीं गृहशास्त्राच्या वर्गांतील मुली असत. ज्या कायद्यानें मुलांच्या शेतकीला पैसा दिला, त्याच कायद्यानें मुलींच्या गृहशास्त्रालाही दिला होता. पण निळा कोट त्यांना नव्हता. संस्थेच्या राष्ट्रीय नियमांनीं सभासदत्व मुलग्यांपुरतेंच ठेविलें होतें. गोठ्यांत भावाच्या बरोबरीनें राबणाऱ्या मुलीनें मेजाजवळ यावें तें वाढपी होऊन.

दुसरी रिकामी जागा याहून मोठी होती. दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेंच वेगळ्या होत्या, आणि तेथील शेतकी विद्यार्थ्यांस या पंगतींत स्थान नव्हतें. त्यांनीं आपली पंगत वेगळी मांडली. एच. ओ. सार्जंट, जी. डब्ल्यू. ओवेन्स आणि जे. आर. थॉमस यांच्या खटपटीनें व्हर्जिनियांत १९२७ सालीं आरंभ झाला, आणि १९३५ सालीं ॲलाबामांतील टस्कीगी येथें ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. हें टस्कीगी मराठी वाचकांस परकें नाहीं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं उभारलेली शाळा तेथेंच, आणि वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या पुस्तकामुळें महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १९३५ सालीं तेथेंच होते. या मुलांचा कोट काळा, त्यावर सोनेरी अक्षरें. आणि चिन्हांत मक्याच्या कणसाऐवजीं उमललेलें कापसाचें बोंड. त्यांच्याही पदव्या होत्या, वक्तृत्वाच्या स्पर्धा होत्या, स्वतःचे अध्यक्ष व चिटणीस होते. गुलामगिरीच्या दिवसांत ज्या कापसाच्या शेतांत त्यांचे पूर्वज राबले, त्याच कापसाचें बोंड या मुलांनीं अभिमानानें छातीवर मिरविलें.

तीस वर्षें अशा दोन पंगती चालल्या. १९५४ सालीं वर्णभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि १९६५ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनांत कृष्णवर्णीय संस्थेच्या शेवटच्या अध्यक्षानें आपला काळा कोट उतरविला आणि निळा घातला. तिचे सुमारे ५०,००० सभासद मोठ्या संस्थेंत आले. प्रसंग मोठा खरा. परंतु नांव, रंग आणि चिन्ह निळ्या कोटांचेंच राहिलें. काळ्या कोटाची संस्था, तिचे अधिकारी आणि तिचे मानमरातब इतिहासजमा झाले, आणि पुढच्या वर्षांत कृष्णवर्णीय सभासदांची संख्या घटत गेली. पंगत एक झाली, पण नव्यानें आलेल्यांस आपल्या घरच्या पंगतींतला मान तेथें लगेच मिळाला नाहीं. कृष्णवर्णीय तरुण राष्ट्रीय अध्यक्षपदावर चढला तो १९९४ सालीं, कोरी फ्लोरनॉय याच्या रूपानें. मधें २९ वर्षें गेलीं.

मुलींना दार उघडलें तें १९६९ सालीं, प्रतिनिधींच्या मतानें. १९८२ सालीं जॅन एबर्ली ही पहिली स्त्री-अध्यक्ष झाली, आणि २०१७ सालीं कॅलिफोर्नियाची ब्रिॲना होल्बर्ट ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री-अध्यक्ष. ज्या दोन जागा रिकाम्या होत्या, त्या दोन्ही एकाच व्यक्तीच्या रूपानें मुख्य आसनावर येऊन बसल्या.

मधल्या काळांत शेतीच पालटली. १९३५ सालीं अमेरिकेंत ६८ लक्ष शेतें होतीं. २०२२ च्या गणनेंत तीं सुमारें १९ लक्ष भरलीं. म्हणून १९८८ सालीं संस्थेनें आपल्या नांवांतून ‘भावी शेतकरी’ हे शब्द काढून केवळ आद्याक्षरें ठेविलीं. कारण आतां तिच्यांत पुढें शेती करणारे थोडे, आणि बियाण्यांचें शास्त्र, पशुवैद्यक, यंत्रें, अन्नव्यवहार शिकणारे पुष्कळ. शेतें घटलीं, पण सभासद वाढले. २०२३-२४ सालीं त्यांची संख्या १० लक्षांच्या वर गेली, आणि दर दहांत चारांहून अधिक मुली आहेत.

बाप-लेकांच्या भोजनाचें नांवही कालांतरानें गेलें. तें आतां पालक व सभासद यांचें भोजन झालें आहे. शाळेचें वर्ष संपत आलें म्हणजे गांवोगांव मेजें मांडतात, हातोडी वाजते, बिल्ले लागतात, नवे अधिकारी जुन्यांच्या जागा घेतात, आणि शाळा सोडून जाणारीं मुलें आपला निळा कोट घडी करून ठेवतात. आपण येथें कशासाठीं जमलों, हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि बंधुभावाचें उत्तर अजून दिलें जातें. शब्द फारसे पालटले नाहींत. ते म्हणणारांत पूर्वीं कोण नव्हते आणि आतां कोण आहेत, एवढेंच पालटलें. आणि तेवढें पालटण्यास त्या देशाला जवळ जवळ चाळीस वर्षें लागलीं.