दूरचे ठाणे कशाने टिकते?

श्रोतेहो, आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा सातवीतच सुटली; पुढे जे काही वाचन झाले ते कारखान्यातली पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा बोलण्यात कुठे चूक झाली तर जाणकारांनी आमचा कान जरूर धरावा.

विषय सुचला तो एका पोराच्या खेळावरून. आमच्या युनियनच्या कचेरीत पावत्या लिहिणारा एक तरुण आहे. जेवणाच्या सुट्टीत तो संगणकावर राज्ये वसवण्याचा खेळ खेळतो. बुद्धिबळासारखाच, पाळीपाळीने चाल करण्याचा. राजधानीजवळ लोखंड नसते, मीठ नसते. मग ते जिथे असेल तिथे दूरवर एक वस्ती बसवायची आणि तिकडचा माल राजधानीला आणायचा. एके दिवशी त्याचा चेहरा पडलेला दिसला. विचारले तर म्हणाला, "अण्णा, मिठाची वस्ती गेली की ओ! तट बांधला हुता, शिपाई ठेवलं हुतं. पण शेजारच्यानं चारी अंगांनी आपली गावं बसवली, आणि आमची वस्ती आपसूक त्याच्याकडं वळली."

आम्ही त्या वेळी हसलो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर मालवण आठवले. आपल्या करवीरच्या राज्याला एकेकाळी समुद्र होता, बंदर होते, आरमार होते, ही गोष्ट आज आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? ते बंदर हातचे कसे गेले? आणि मुळात ते मिळवणाऱ्यांनी ते राखले तरी कसे होते?

शिवाजी महाराजांच्या काळची कोकणपट्टी डोळ्यांसमोर आणा. गोव्यात आणि चौलला पोर्तुगीज, दंडा-राजपुरीला जंजिऱ्याचा सिद्दी, वेंगुर्ल्याला डचांची वखार, राजापूरला इंग्रजांची, आणि १६६८ पासून मुंबई बेटही इंग्रज कंपनीच्या हाती. घाटावरच्या राज्याला मीठ हवे ते या किनाऱ्याचे, नारळ हवा तो इथला, जहाजांचे लाकूड इथले आणि बंदराची जकातही इथली. आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी कोणी ना कोणी टपून बसलेला. महाराजांनी १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा केला. त्याचा सुमारे तीन किलोमीटरचा तट आपण सहलीला जाऊन पाहतो आणि बांधणाऱ्यांची तारीफ करतो. ती करावीच. पण महाराजांनी किनारा राखला तो केवळ तटावर भरवसा ठेवून नव्हे. त्यांच्या तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट मिठाची. १६७१ साली महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडची आपली मिठागरे बसतील, हे महाराजांनी ओळखले. म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते आपल्या मिठाहून महाग पडावे, अशी त्यांनी आज्ञा केली. या पत्रात तोफ नाही, तलवार नाही. मिठागर राखायचे तर मिठागरात राबणाऱ्याच्या मिठाला गिऱ्हाईक राखले पाहिजे, एवढा साधा विचार आहे. मिठागर कोसळले असते तर त्याभोवती कितीही तट घातला तरी आत राखायला उरले काय असते?

दुसरी गोष्ट रसदेची. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी त्याच्या समोरच, कासा बेटावर पद्मदुर्ग उभारायला घेतला. तिथल्या आरमाराला पैका आणि धान्य पोचवण्याचे काम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होते. त्यांनी ते वेळेवर पोचवले नाही. तेव्हा १६७५ साली महाराजांनी त्यांना जे खरमरीत पत्र लिहिले ते प्रसिद्ध आहे. अशा चाकरीत कुचराई करणारा शत्रूलाच सामील आहे असे समजू, आणि तो ब्राह्मण आहे म्हणूनही त्याची गय होणार नाही, असा त्याचा आशय आहे. पाण्यातल्या खडकावर बसलेला माणूस उपाशी राहिला तर त्याचा दोष त्याच्याकडे नाही, मागे कचेरीत बसलेल्याकडे आहे, हे महाराजांनी स्वच्छ सांगितले.

तिसरी गोष्ट खांदेरीची. हे बेट थळच्या समोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी. ते ओसाड होते. म्हणजेच जो आधी बसेल त्याचे. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी आपली माणसे घेऊन तिथे उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा सांगून जहाजे धाडली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली आणि इंग्रजांचे एक गुराब मराठ्यांच्या हाती लागले. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून माघार घेतली. बेट टिकले, कारण इंग्रजांच्या जहाजांचा वेढा चुकवून किनाऱ्यावरच्या होड्या रात्रीअपरात्री तिथे सामान पोचवीत राहिल्या. पण लगेच सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. आमच्या त्या पोराचा खेळ तो हाच! एक मोकळी जागा आपण धरली की दुसरी प्रतिस्पर्धी धरतो. पाळी कधी संपतच नाही.

हे सारे शहाणपण पुढे कागदावर आले ते करवीरच्याच राज्यात. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी इशारा आहे: हे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना वखारीसाठी समुद्रकाठची, खाडीच्या तोंडची जागा देऊ नये. त्याच ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयीही लिहिले आहे. साग हवा तर परवानगीने तोडावा. परंतु आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जहाजाला लाकूड लागते हे खरे. पण झाड लावणाऱ्याचे मन मोडून घेतलेले लाकूड राज्याला महाग पडते, हे अमात्यांना कळत होते.

आता पुढचा भाग ऐका. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोकणात साळशीपासून दक्षिणेकडचा मुलूख करवीरकडे राहिला. सिंधुदुर्ग आपला होता. पण हळूहळू दरबाराचे लक्ष घाटावरच्या भांडणांत गुंतत गेले. मालवणचे आरमार जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना धरू लागले. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. १७६५ मध्ये, जिजाबाई राणीसाहेब कारभार पाहत असताना, मुंबईकरांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि पैसा मान्य करून किल्ला परत मिळाला. ही एक सूचना होती. ती कोणी मनावर घेतली असे दिसत नाही.

१७९२ मध्ये पुन्हा मोहीम झाली. या वेळी करवीरने भरपाई कबूल केली, शिवाय मालवणात आणि खुद्द कोल्हापुरात इंग्रजांना वखारीची परवानगी दिली. अमात्यांनी जे करू नका म्हणून लिहून ठेवले होते, तेच पाऊणशे वर्षांनी त्यांच्याच राज्याला करावे लागले! पुढे पटवर्धन, सावंतवाडीकर, निपाणीकर यांच्याशी झुंजता झुंजता राज्य थकले. अखेर १८१२ चा तह झाला. इतरांच्या हल्ल्यांपासून इंग्रज रक्षण करतील, आणि त्याच्या बदल्यात मालवण, सिंधुदुर्ग इंग्रजांचे. घर राखण्यासाठी दार विकले. करवीरचा समुद्र त्या दिवशी संपला.

तट त्या वेळीही भक्कम होता. तो आजही उभा आहे. मग उणे काय पडले? आमच्या समजुतीप्रमाणे मालवण हे दरबाराला केवळ घेण्याचे ठिकाण राहिले होते. ज्या दिवशी ठाण्याकडून फक्त यायचे आणि ठाण्याकडे काही जायचे नाही असे ठरते, त्या दिवसापासून ते दुसऱ्याचे होऊ लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर ते खोटे होईल. वीसेक वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका लहान कारखान्यात आमच्या संघटनेची शाखा होती. फाटकाजवळ आमची पाटी होती, भाड्याची खोली होती, वर्गणी वेळेवर येत होती. आमचा माणूस वर्षातून एकदा ती आणायला जाई. एका पावसाळ्यात तिथल्या एका मजुराचा हात यंत्रात सापडला. भरपाईच्या अर्जासाठी त्याची बायको दोनदा एस.टी.ने कोल्हापूरला आली. दोन्ही वेळा आम्ही इथल्या मोर्चाच्या गडबडीत होतो. "पुढल्या आठवड्यात या, बाई" म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा ती आली नाही. दुसऱ्या संघटनेचा कार्यकर्ता तिच्या दारात गेला, अर्ज त्याने लिहिला. दिवाळीच्या आत सगळी शाखा तिकडे गेली. आम्ही पाटी उतरवायला गेलो तेव्हा त्या माणसांना फितूर म्हणालो. आज तसे म्हणवत नाही. त्यांच्यापर्यंत रसद पोचवायची ती आम्ही पोचवली नव्हती.

त्या पोराला आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले, "बाबा, त्या वस्तीतनं मीठ किती आणलंस?" त्याने आकडा सांगितला. "आणि तिकडे काय धाडलंस?" तो गोंधळून आमच्या तोंडाकडे पाहू लागला. म्हणाला, "धाडायचं काय असतंय, अण्णा? ती वस्ती मीठ द्यायलाच असती की."

त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या पडद्यावर माणसे दिसत नाहीत. आम्हाला तर ती बाई समोर उभी दिसत होती, आणि तरीही आम्ही तेच केले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दूरच्या एका शाखेत जातो, आणि त्या दिवशी वर्गणीचे पावतीपुस्तक मुद्दाम घरी ठेवून जातो.