आर्नोकाठचे राजाराम महाराज : फ्लॉरेन्समधला एक अपुरा मुक्काम

१/ युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. आमच्या पाचगणी-वाईकडून जाणारी नवविवाहित जोडपीही सकाळी दुओमोचा घुमट, दुपारी पोन्ते वेक्यो हा जुना पूल आणि सायंकाळी टेकडीवरून शहराचे दर्शन एवढे उरकून पुढच्या गाडीला लागतात. या वाटेवर न येणारी एक जागा मात्र थेट आपल्या इतिहासाशी निगडित आहे. हा धागा तिच्याविषयी.

२/ शहराच्या पश्चिमेस, आर्नो नदीच्या उजव्या काठाने काशिने नावाचे विस्तीर्ण उद्यान पसरले आहे. त्याच्या अगदी टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. तेथे भारतीय घाटाची एक छत्री असून तिच्याखाली पगडी व अलंकार धारण केलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्याला ‘इंडियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, एवढेच म्हणतात. हा हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

३/ कोणते राजाराम? प्रश्न रास्त आहे. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम १७०० मध्ये वारले. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम यांचे निधन १९४० मध्ये झाले. आपले राजाराम या दोहोंच्या मधले. पाटणकर घराण्यातील नागोजीराव १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजाराम झाले. जन्म १८५० चा. म्हणजे गादीवर बसताना वय अवघे सोळा.

४/ १८७० मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा खुला होऊन वर्षही उलटले नव्हते. समुद्रोल्लंघन धर्मबाह्य मानण्याचा तो काळ. सत्तेवर असताना युरोपात गेलेल्या अगदी पहिल्या हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी आणि आपल्याकडचा सेवकवर्ग होता. इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले आणि पाहिलेल्या गोष्टींची दैनंदिनी इंग्रजीत लिहून ठेवली.

५/ परतीच्या वेळी युरोप अस्वस्थ होता. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले होते, सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. महाराजांचा प्रवास बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या मार्गाने इटलीकडे झाला. वाटेतच प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्स हा घरच्या वाटेवरचा एक टप्पा होता. तो अखेरचा ठरला. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, महाराजांचे तेथेच निधन झाले.

६/ आता सोबतच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला तो अंत्यसंस्काराचा. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते (१८६५ ते १८७१). कॅथलिक समाजात मृतदेह पुरण्याचीच रीत. इटलीतील पहिले आधुनिक दाहगृह मिलानमध्ये सुरू झाले ते १८७६ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर सहा वर्षांनी. अशा शहरात उघड्यावर चिता रचण्याची परवानगी मागायची होती, आणि तीही तातडीने.

७/ परवानगी मिळाली. जागा ठरली आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमाची. सातारा-कोल्हापूरच्या वाचकाला संगमाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पाचगणीच्या पायथ्याने वाहणारी कृष्णा वाईवरून पुढे जाऊन माहुलीला वेण्णेस मिळते. त्याच संगम माहुलीत साताऱ्याच्या छत्रपती शाहूंची आणि महाराणी ताराबाईंची समाधी आहे. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा यांचा प्रीतिसंगम, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा आणि कृष्णा यांचा. परमुलखात नद्या वेगळ्या होत्या. दोन प्रवाह जेथे एक होतात, त्या जागेचे पावित्र्य तेच राहिले.

८/ १ डिसेंबरच्या पहाटेपूर्वीच्या अंधारात चिता पेटली. हा अनोळखी विधी पाहण्यासाठी फ्लॉरेन्सचे नागरिक जमले होते. रोम इटलीत सामील होऊन जेमतेम दोन महिने झाले होते; सारे राष्ट्र नव्या राजधानीच्या चर्चेत गुंतले होते. त्या धामधुमीतही एका परक्या तरुणाला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप देण्यास या शहराने जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

९/ १८७४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर यांचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे तेच मँट, ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आरेखला. स्मारकावर चार भाषांत लेख कोरले आहेत. महाराजांची दैनंदिनी वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली.

१०/ कोल्हापुरात या मृत्यूचे परिणाम खोलवर झाले. १८७१ मध्ये पुन्हा दत्तकविधान होऊन चौथे शिवाजी गादीवर आले. तेही तरुणपणीच, १८८३ मध्ये, अहमदनगर येथे वारले. तेव्हा तिसऱ्यांदा दत्तक घ्यावा लागला, आणि १८८४ मध्ये कागलचे यशवंतराव घाटगे कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. राजर्षींच्या चरित्राआधीचे एक पान असे आर्नोच्या काठी लिहिले गेले आहे.

११/ स्मृतीची वाटणी मात्र मोठी चमत्कारिक झाली. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या रूपाने नाव घरोघरी पोहोचले. पण ते नाव कोणत्या राजारामांचे, हे फार थोड्यांना सांगता येते. फ्लॉरेन्समध्ये चेहरा टिकला, जागा टिकली. १९७० च्या दशकात शेजारी बांधलेल्या पुलालाही ‘इंडियानो’ हेच नाव पडले. तेथे हरवले ते त्यांचे स्वतःचे नाव. आपल्याकडे नावाला चेहरा नाही आणि तिकडे चेहऱ्याला नाव नाही.

१२/ ही दोन अर्धी एकत्र आणणे अवघड नाही. फ्लॉरेन्सला एक दिवस मिळाला, तर त्यातला दीड-दोन तासांचा वेळ काढा. पोन्ते वेक्योपासून नदीच्या उजव्या काठाने पश्चिमेकडे साधारण चार-पाच किलोमीटर गेले, की उद्यानाच्या शेवटी छत्री दिसते. जाणे न झाले, तर कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, महाविद्यालयाला नाव कोणाचे? उत्तर ठाऊक नसेल, तर विसाव्या वर्षी आर्नोच्या संगमावर थांबलेल्या या राजाची गोष्ट त्याला सांगा.