भातुकलीपासून बालनगरीपर्यंत

मोठ्यांचे व्यवहार लहान प्रमाणावर करून पाहण्याची मुलांची हौस फार जुनी आहे. भातुकली हें तिचें आपल्या घरांतील परिचित रूप. सावंतवाडीच्या कारागिरांनीं रंगविलेली लाकडी चूल मांडावी, तींत चुरमुऱ्यांचा भात शिजवावा आणि वडील माणसांना आग्रहानें जेवूं घालावें, हें दृश्य आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. या हौसेला पुढें शाळा आणि बाजार कसे लाभत गेले, याचा इतिहास मनोरंजक आहे. परंतु तो बीड जिल्ह्यांत बसून लिहूं लागलें म्हणजे त्याला निराळेंच वळण लागतें.

जर्मनींत फ्रेबेलनें १८४० सालीं आपल्या बालशाळेला ‘मुलांची बाग’ या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें व खेळाला शिक्षणांत मानाचें स्थान मिळवून दिलें. १९०७ सालीं रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तींत मारिया माँटेसरी यांनीं बालगृह उघडलें. तेथें त्यांना असें आढळलें कीं, सुंदर खेळणीं समोर असूनहि मुलें झाडणें, पुसणें, भांडीं मांडणें अशा खऱ्या कामांतच रमतात. म्हणजे मुलाला मोठ्यांचें काम नकोसें नसतें. तें त्याला आपल्या गतीनें व आपल्या इच्छेनें करावयाचें असतें.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं हा विचार खेड्यांत नेला. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें १९४५ सालीं त्यांनीं काम सुरू केलें व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, या विचारांतून अंगणवाडी निघाली. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. तिला कुरणशाळा म्हणत. काम करणाऱ्या मुलाला दोष न देतां त्याच्यामागें चालत जाणारी ही शाळा, आमच्या मतें, महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासांतील एक थोर घटना होय.

बाजारानें या हौसेचें निराळें रूप घडविलें. १९९९ सालीं मेक्सिको शहरांत एका छताखालीं मुलांचें एक नगरच उभारलें गेलें. त्याच्या अनेक आवृत्त्या पुढें जगभर ‘किडझानिया’ या नांवानें निघाल्या. मुंबईंत घाटकोपर येथें २०१३ सालीं तिची शाखा उघडली. येथें रुग्णालय, विमान, अग्निशामक दल, बँक हें सारें मुलांच्या मापाचें. मूल गणवेष चढवून डॉक्टर किंवा वैमानिक होतें, कामाबद्दल ‘किडझो’ नांवाचें खेळांतलें चलन मिळवितें आणि तेथेंच तें खर्चितें. दुकानांवर पाट्या मात्र खऱ्या कंपन्यांच्या असतात. चुरमुऱ्यांच्या भाताला तिकीट लागलें, असें म्हणून यास हंसण्याचें कारण नाहीं. पांचव्या वर्षीं आपण कोणीहि होऊं शकतों असें वाटणें, ही लहान देणगी नव्हे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाहीं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘कोयता’ म्हणतात. माणसाचें नांव हत्याराला नव्हे, हत्याराचें नांव माणसांना! बरोबर नेलेलीं मुलें कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी भरतात, वाढे गोळा करून बांधतात. थोडी मोठीं झालीं कीं डोक्यावर मोळी येते. घाटकोपरच्या मुलाप्रमाणेंच हींहि मोठ्यांचीं कामें करतात. फरक इतकाच कीं, कंटाळा आला म्हणून हें काम अर्ध्यावर टाकतां येत नाहीं.

या मुलांसाठीं कांहींच झालें नाहीं असें नाहीं. कुरणशाळेचीच आठवण व्हावी अशा साखरशाळा कारखान्यांच्या परिसरांत निघाल्या. पुढें मुलांनीं गांवींच राहावें म्हणून हंगामी वसतिगृहें आलीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. २०२१ सालीं राज्य सरकारनें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना मंजूर केली. मात्र गाडी निघते त्या पहाटे वसतिगृहाचें दार उघडें नसेल, तर आई मुलाला गाडींत घेणारच; तिला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

आमच्या वर्गांत असे विद्यार्थी येतात कीं, ज्यांच्या बालपणाचे हिंवाळे फडांत गेले. त्यांना मोठ्यांचीं कामें शिकवावीं लागत नाहींत. त्यांना उणी पडली ती निवड. मुलांना काम खेळून पाहूं देणारी संस्कृति जगानें पावणेदोनशें वर्षांत मोठ्या कष्टानें घडविली. ती तिकिटाच्या दारांतून चार घरच्या मुलांना लाभावी आणि ज्या हातांच्या उसानें आपला चहा गोड होतो त्यांच्या मुलांना मात्र मोळीच लाभावी, हा हिशेब सुशिक्षित घरांनीं एकदां तरी मांडून पाहावा. दिवाळीच्या सुट्टींत आपलीं मुलें बालनगरी पाहावयास निघतील, तेव्हां बीडच्या रस्त्यांवरूनहि कांहीं मुलें निघालेलीं असतील.