थरथरीचा इतिहास

मंडळी, इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या. वर्गात तीस वर्षे मीही त्याच शिकवल्या. आता निवृत्तीत वेळच वेळ आहे, म्हणून आज एका बारीकशा गोष्टीचा इतिहास मांडतो. गोष्ट आहे थरथरीची.

१९५९ मध्ये अमेरिकेत 'द टिंगलर' नावाचा भयपट आला. दिग्दर्शक विल्यम कॅसल मोठा हिकमती माणूस. त्याने काही चित्रपटगृहांत खुर्च्यांच्या बुडाला छोट्या मोटरी बसवल्या आणि ऐन भीतीच्या क्षणी त्या सुरू करवल्या. पुढे १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' चित्रपटासाठी प्रचंड ध्वनिक्षेपक लावून इतका खर्जातला आवाज सोडला, की तो कानाऐवजी छातीतच जाणवावा. १९७६ मध्ये जपानच्या सेगा कंपनीचा मोटरसायकलचा खेळ आला. त्यात टक्कर झाली की हातातले हँडल थरथरायचे. ही थरथर घरोघरी पोचली ती १९९७ मध्ये. निंटेंडोने खेळाच्या यंत्राला जोडायची एक डबी काढली, दोन बारक्या सेलवर चालणारी. त्याच वर्षी सोनीनेही थरथरणारा कंट्रोलर आणला. मग हक्कांवरून भांडणे आलीच! इमर्शन नावाच्या कंपनीने २००२ मध्ये सोनीवर दावा लावला. २००६ साली सोनीचा नवा कंट्रोलर थरथरीविना आला, २००७ मध्ये तडजोड झाली आणि थरथर परतली.

यामागचे शास्त्र अगदी घरगुती आहे. कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाली की यंत्र कसे नाचू लागते? तसेच मोटरीच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवायचे. मोटर फिरली की थरथर सुरू.

आता तुम्ही विचाराल, सरांना हे कुठून सुचले? तर माझा नातू संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळतो. स्टिअरिंग, पेडल, खुर्ची, सगळे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले. चित्र उत्तम, आवाज उत्तम, पण खुर्ची मात्र मेलेली. खऱ्या गाडीत चाक घसरतेय हे डोळ्यांआधी पाठीला कळते. १९७८ मध्ये बॉशची ब्रेक-प्रणाली मर्सिडीजमध्ये आली. चाक जाम होऊ लागले की ब्रेक क्षणोक्षणी सुटतो आणि पुन्हा लागतो, आणि पेडल पायाखाली धडधडते. नातवाला ही धडधड हवी होती.

त्याने ती घरीच केली. मोडक्या कंट्रोलरमधल्या दोन मोटरी काढून पेडलांच्या पाठीमागे घट्ट आवळल्या. इंजिनचे फेरे किती, कुठले चाक घसरतेय, हे आकडे खेळ सतत बाहेर पाठवत असतो. ते वाचून आर्डुइनो नावाची छोटी पाटी मोटरींना वीज सोडते. ही पाटी २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. नाव पडले तिथल्या एका बारवरून, आणि त्या बारचे नाव आर्डुइन राजावरून, जो १००२ साली इटलीचा राजा झाला होता. म्हणजे फिरून सनावळी आलीच!

खुर्चीखाली त्याने बास शेकर बसवला. हा पडदा नसलेला स्पीकरच म्हणायचा. हवा हलवण्याऐवजी लाकूड हलवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला १०० स्फोट होतात. म्हणजे खुर्चीही सेकंदाला १०० वेळा थरथरायला हवी. खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडू नये म्हणून सांगाड्याखाली जाड रबराचे तुकडे घातले.

"आजोबा, ब्रेकवर पाय ठेवा बघू." मी ठेवला. काही नाही. "आता?" तरी काही नाही. वाकून हात लावला तर पेडल चांगले गुरगुरत होते.

मधुमेह जुना आहे माझा. डॉक्टर सेकंदाला १२८ कंपनांचा चिमटा पायाच्या अंगठ्याला लावतात आणि "थांबले की सांगा" म्हणतात. माझ्यापाशी ते सुरूच होत नाही. कंपने टिपणारे कातडीतले सूक्ष्म कण इटलीच्याच फिलिप्पो पाचिनीने शोधले आणि १८४० मध्ये त्यांवर लिहिले. त्यांची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या माझ्या पायांतल्या तारा आता थकल्या आहेत. ब्रेकवर पाय नेमका किती दाबला ते कळेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी गाडीची किल्ली मुलाच्या हाती दिली. पन्नास वर्षांची सवय होती. बोललो नाही कोणाशी, पण लागले मनाला.

नातू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रेकची मोटर काढून खुर्चीच्या पाठीला लावली. वळणावर ब्रेक दाबला आणि पाठीत स्पष्ट धडधडले. चाक जाम होत होते. मी पाय सैल केला, गाडी वळली.

विमानातही असेच करतात, बरं का. विमानाची उचल तुटायच्या बेतात असली की वैमानिकाच्या हातातला दांडा मुद्दाम थरथरवतात. डोळे-कान कामात गुंतलेले असतात, तेव्हा हाताला सांगायचे. एका वाटेने निरोप पोचत नसेल तर दुसरी वाट शोधायची, एवढेच.

असो. नातलगांपैकी ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी पायाला तो चिमटा लावून घ्यावा. दुखत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे नसते.