लहान मुलांतील तोतरेपणा

बोलताना अक्षर पुन्हापुन्हा उच्चारणे (‘प-प-पाणी’), स्वर लांबवणे किंवा शब्द मध्येच अडकणे, हा वाक्प्रवाहाचा दोष. तो बहुधा २ ते ५ वर्षे वयात सुरू होतो. सुमारे ५% मुलांत आढळतो. बहुतेकांत आपोआप नाहीसा होतो. मुलग्यांत प्रमाण अधिक. आनुवंशिकता व मेंदूच्या वाक्‌नियंत्रणातील फरक यांच्याशी तो निगडित असून पालकांच्या वागण्याने उद्भवत नाही. अडखळणे ६ महिन्यांहून अधिक टिकल्यास, कुटुंबात पूर्वेतिहास असल्यास, बोलताना चेहरा ताणला जात असल्यास किंवा मूल बोलणे टाळू लागल्यास वाचा-उपचारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली पालक घरीच उपचार देतात. ‘नीट बोल’ म्हणून टोकू नये, वाक्य आपण पुरे करू नये. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.